हात वर न करणारा पैलवान

आमच्या गावची बस अप्पांसाठी कधी थांबली नाही.

हळ्ळीखेड (बी) कडं जाणाऱ्या रस्त्याला आमचा फाटा. निवारा नाही, नुसती पाटी. बस हवी असेल तर हात करावा लागतो. अप्पा हात करायचे नाहीत. दोन्ही हात बगलेत दाबून रस्त्याच्या कडेला उभे राहायचे आणि ड्रायव्हरच्या डोळ्यात बघायचे. ड्रायव्हरला वाटायचं, म्हातारा हवा खायला उभा आहे. बस धुरळा उडवत निघून जायची, आणि अप्पा तिच्या मागं चालायला लागायचे. पुढं कुणीतरी मोटारसायकलवाला ओळखायचा, मागं बसवून घ्यायचा. तोही आपणहून थांबला तरच.

हा माणूस ऑलिंपिकला कुस्ती खेळून आला होता. आख्ख्या सीमाभागात त्याच्या नावाची कमान आहे, शाळेत त्याच्यावर धडा सांगतात, निवडणुकीच्या प्रत्येक फ्लेक्सवर कोपऱ्यात त्याचा फोटो असतो. पण बसला हात कर म्हटलं तर करायचा नाही.

बघायला येणाऱ्यांची पहिल्या नजरेतच निराशा व्हायची. लोकांना पैलवान म्हणजे दारातून आडवा आत येणारा माणूस हवा असतो. अप्पा बावन्न किलो गटातले. म्हातारपणी तर त्याहून कमी. कान तेवढे चुरगाळलेले, आणि मान धडापेक्षा जुनी वाटणारी. एकदा लातूरहून आलेल्या पाहुण्यांनी स्टेजवर त्यांना विचारलं, पैलवान, तुम्ही कर्नाटकाचे की आमचे? खाली दोन्हीकडचे लोक बसलेले. सगळ्यांचे कान टवकारले. अप्पा म्हणाले, "मी बावन्न किलोचा."

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेले ती पत्रक घेऊन. माझा धंदाच तो. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते. नौबादच्या एका छापखान्यात रात्रपाळीचा माणूस माझं अक्षर बघून कपाळाला हात लावतो. रेशनवर लिहिलं, वसतिगृहावर लिहिलं, मग ठरवलं, या भागावर झालेल्या अन्यायांची एक मालिका काढायची. पहिलं नाव अप्पांचं. कारण आमच्या घराघरात एकच गोष्ट सांगतात: आपल्या पैलवानानं ऑलिंपिकात समोरच्याला चितपट केला होता, पण परक्या पंचांनी पाप केलं आणि निकाल फिरवला. पुराव्याला प्रत्येक सलूनमध्ये, प्रत्येक हॉटेलात तो फोटो. अप्पा चटईवर उभे, दोन्ही हात आभाळाकडं, तोंड उघडं. जिंकल्याशिवाय कोण असे हात करतं?

तालमीच्या दारात उभी राहिले. बायकांनी आत जायची रीत नाही. अप्पा हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेला सुपारी कातरत बसलेले. म्हणाले, "आत ये पोरी. माती बाटत न्हाई." मी आत गेले. त्यांनी पत्रक हातभर लांब धरून वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. पत्रक शेवटपर्यंत वाचणारा मला भेटलेला तो पहिला माणूस.

"ह्यातून माझं नाव काड," म्हणाले.

मी म्हटलं, कामून?

"पंच चांगला माणूस हुता. मीच उठलो."

मग त्यांनी सांगितलं. नंतर ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकली त्याची गणती नाही, आणि एकदाही त्यात एक शब्द वाढला नाही. आपल्याकडं जत्रेतल्या कुस्तीत पाठ मातीला लागली की संपलं. हलगी थांबते, लोक आत घुसतात, जिंकणारा हात वर करून हौद्याला फेरी मारतो. बारा वर्षांचा असल्यापासून अप्पा तेच करत आले. गावोगावच्या जत्रांतून चांदीची कडी आणली ती तशीच. चटईवर तसं नाही. तिथं समोरच्याचे दोन्ही खांदे टेकवून दाबून धरावे लागतात, पंच खाली वाकून बघतो, चटईवर हात मारतो, मग निकाल. शिकवणाऱ्यानं हिंदीत दहादा सांगितलं होतं. अप्पांनी दहादा मान हलवली होती. आणि त्या दिवशी समोरच्याची पाठ लागली, अप्पांना पाठीचा तो ओळखीचा आवाज आला, आणि ते उठले. हात वर करून उठले. समोरच्यानं मागून पाय धरला.

"डोस्क्याला ठाव हुतं," म्हणायचे, "अंगाला ठाव नव्हतं."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. मला अन्याय लागतो. अन्यायाशिवाय पत्रक उभं राहत नाही. मी म्हटलं, अप्पा, सगळा मुलूख म्हणायलाय तुमच्यावर अन्याय झाला म्हणून, आणि तुम्ही एकटे नाही म्हणता. ते म्हणाले, मुलूख कुठं आला होता बघायला. मग सुपारी तोंडात टाकून म्हणाले, लिहायचंच असेल तर या तालमीवर लिही, अन्याय इथं होणार आहे. तेव्हापासून ते मला पत्रकवाली म्हणायला लागले.

सत्कारांत त्यांनी हेच केलं. वक्ता घसा फोडून सांगायचा, कसा आपल्या वाघाचा गळा कापला, आणि टाळ्या ओसरल्यावर अप्पा माईकपाशी जाऊन म्हणायचे, पंच चांगला माणूस हुता, मीच उठलो. दोन-चार ठिकाणी असं झाल्यावर लोक शहाणे झाले. सत्कार बंद केले नाहीत. माईक बंद केला. शाल घालायची, नारळ द्यायचा, फोटो काढायचा आणि खुर्चीवर बसवून ठेवायचं. या देशात माणसाला मोठं करायची ही पक्की रीत आहे: त्याचं नाव घ्या, त्याला बोलू देऊ नका.

शाली ते तालमीतल्या पोरांना अंग पुसायला द्यायचे. नारळांची चटणी व्हायची.

आता तालमीबद्दल. पत्र्याचं छप्पर, कोनाड्यात मारुती, त्याच्या वर बसवण्णांचा फोटो, आणि बाकी सगळी जागा हौद्याची. लाल माती आपल्याकडं सगळीकडं आहे, पण ही माती वेगळी. तेल, ताक, हळद, लिंबू पिऊन पिऊन ती मऊ झालेली, हातात घेतली तर कणकेसारखा वास येणारी. अप्पांच्या वस्तादांनी घातलेली, त्यांच्याही वस्तादांनी. लिंगायत, मराठा, धनगर, मुसलमान, सगळ्यांची पोरं त्याच मातीत लोळायची. सकाळी आंघोळीला एकाच पाइपाखाली. जातिनिर्मूलनावर मी आठ पानी पुस्तिका लिहिली आहे, तिच्यातलं एक वाक्यही त्या पाइपाच्या तोडीचं नाही.

आणि तिथला नियम भारतात कुठं नसेल. पोरानं जोडीदाराची पाठ लावली की अप्पा पानाचा डबा उघडायचे. पान काढायचं, मांडीवर पुसायचं, देठ खुडायचा, शिरा सोलायच्या, चुना बोटानं कडेपर्यंत न्यायचा, कात, मग अडकित्त्यानं सुपारी, कागदासारखी पातळ. तोवर वरच्यानं दाबून धरायचं, खालच्यानं सुटायची धडपड करायची. पान दुमडून गालात गेलं की कुस्ती संपली. एखादं पोर मध्येच दमून सैल पडलं तर अप्पा वर न बघता म्हणायचे, "उठायलास कामून? पान लागलंय का?" आणि रागात असले तर दुसरी सुपारी घ्यायचे. खालचं पोर विव्हळायचं, अप्पा, चुना कमी लावा की. पोरं बाहेर कुठं जिंकली तरी हात वर करायची नाहीत. जत्रेतल्या लोकांना ती मुकी वाटायची.

या जागेवर अण्णांचा डोळा होता. अण्णा म्हणजे आमच्या भागातले कंत्राटदार पुढारी. नाव लिहीत नाही. न लिहिताही दुसऱ्या कुठल्या गावचे लोक म्हणतील, आमचे अण्णा तुला कसे ठाऊक. तालीम बाजाराच्या तोंडावर. तिथं काँप्लेक्स बांधायचं, खाली दुकानं, वर हॉल, आणि सगळ्यात वर व्यायामशाळा. नाव अप्पांचं. विरोध कसा करणार? जो तालीम मोडणार तोच तालमीच्या वस्तादाचं नाव दगडात कोरणार. अण्णांचं म्हणणं, मातीत लोळायचे दिवस गेले, पोरांना मशिनं देऊ. मी पत्रक काढलं: माती माळ्यावर कशी चढवणार? ते चांगलं गाजलं. खटकचिंचोळीच्या बाजारात लोक मागून घ्यायचे.

ग्रामसभा ठरली. आम्ही घरोघर फिरलो. तालमीची पोरं, त्यांचे बाप, हातात खुरपं घेऊन आलेल्या बायका, पंचायतीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही. हजेरीवर सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले. अण्णांनी भाषण केलं. डोळ्यांत पाणी आणून तीच गोष्ट सांगितली: परक्यांनी आपल्या पैलवानाला लुटलं, आपण तरी त्याचं स्मारक करू या. अप्पा पहिल्या रांगेत, पायरीवर टेकून बसलेले. हात बगलेत.

अध्यक्षांनी विचारलं, काँप्लेक्सच्या बाजूनं कोण? अण्णांच्या खुर्चीमागची माणसं उठली, आणखी थोडी. विरोधात कोण? मी आयुष्यात एवढे हात एकदम वर गेलेले बघितले नव्हते. पीडीओनं, म्हणजे पंचायतीच्या सरकारी अधिकाऱ्यानं, चष्मा पुसला. अण्णा उठून आत गेले. अध्यक्ष म्हणाले, ठीक आहे, लोकांची इच्छा दिसतेच आहे.

झालं. हलगी वाजली. कुणी आणली होती देव जाणे. पोरांनी अप्पांना उचलून खांद्यावर घेतलं. अप्पांचे हात बगलेतच होते, तर दोघांनी दोन बाजूंनी मनगटं धरून ते वर ओढले, आणि फोटो निघाले. मी भोंगा घेऊन पुढं होते. मागून कुणीतरी ओरडत होतं असं वाटलं, पण ओरडत तर सगळेच होते. अप्पा म्हणत होते, "खाली सोडा रे. सही व्हायची हाय. सभा संपली न्हाई." खांदा देणाऱ्या पोरानंच मला हे नंतर सांगितलं. त्याला ऐकू आलं होतं. त्याला वाटलं, म्हातारा लाजायलाय.

मिरवणूक मारुतीपर्यंत गेली. गुलाल संपेपर्यंत नाचली. पंचायतीच्या अंगणात सभा चालूच होती. अण्णा आतून बाहेर आले होते, त्यांची माणसं जागेवर होती. अध्यक्षांनी म्हणे सुधारित प्रस्ताव मांडला. विरोधात कोण? अंगण मोकळं. बाजूनं कोण? सगळे. ठराव लिहिला, सही झाली, शिक्का बसला. सभेला पुरेसे लोक होते का, असा वाद आम्ही नंतर घातला, तर हजेरी पुढं आली. पुरेसे होते. आमच्याच सह्या.

पाठ लागली होती. आम्ही उठलो होतो.

संध्याकाळी मी तालमीत गेले तेव्हा मला कुणाला तरी फाडून खायचं होतं. अण्णा सापडणार नव्हते, म्हणून अप्पांवर ओरडले. म्हटलं, तुम्हाला कळत होतं तर तुम्ही उतरला का नाहीत? ते चुन्याची डबी शोधत होते. म्हणाले, "उचलल्यावर पैलवानाचं काय चालतंय पोरी? पाय भुईला असंल तर जोर." डबी सापडली. मग म्हणाले, "आवाज दिला मी. हलगीम्होरं कुणाचं ऐकू येतंय."

वकील झाला, अर्ज झाले, तारखा पडल्या. निकालाआधीच एका सकाळी जेसीबी आला. अप्पांनी ड्रायव्हरला थांब म्हटलं. तो बिचारा औरादकडचा पोरगा, थांबला. अप्पांनी चपला काढल्या, हौद्याला हात लावून कपाळाला लावला, मारुती कोनाड्यातून उचलून धोतरात घेतला, बसवण्णांचा फोटो काखेत, आणि बाहेर येऊन म्हणाले, चालव आता. मी जेसीबीपुढं आडवी पडले होते, मला दोन महिला पोलिसांनी उचलून गाडीत टाकलं. पाय भुईला नव्हते.

हौद्याची माती त्यांनी रस्त्याच्या कडेला ओतली. मोठा ढीग झाला. दुसऱ्या दिवसापासून अप्पा त्या ढिगावर बसायला लागले. सकाळी यायचे, पानाचा डबा घेऊन, दिवस मावळेपर्यंत. कंत्राटदाराची माणसं ट्रॅक्टर घेऊन यायची, म्हणायची, अप्पा, उठा, माती भरायची आहे. अप्पा म्हणायचे, "पान लागू दे." एक पान झालं की दुसरं. लोकांना वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. अण्णांनीही तसंच पसरवलं, फार प्रेमानं: वयोमानानं होतं असं, सांभाळून घ्या. आमच्यातले काही जण अप्पांजवळ येऊन बसायचे, पण हळूहळू ते कमी झाले. काँप्लेक्सच्या गाळ्यांची नावनोंदणी सुरू झाली होती. अप्पांचा डावा हात धरून वर ओढणाऱ्याचं आज तिथं मोबाईलचं दुकान आहे. उजव्या हातवाला हॉलचं जेवण बघतो. त्यांना मी शिव्या देत नाही. नावं लिहीन त्या दिवशी सगळ्यांची लिहीन.

अप्पा गेले ते मागच्या उन्हाळ्यात. लिंगायत रीतीप्रमाणं त्यांना बसवून नेलं, खुर्चीवर, कपाळाला विभूती, हात मांडीवर इष्टलिंगाभोवती जोडलेले. अण्णांचा एक कार्यकर्ता पुढं होऊन घोषणा द्यायला लागला, अमर रहे म्हणून, आणि मूठ वर केली. तालमीच्या जुन्या पोरांपैकी कुणीच हात वर केला नाही. नुसते बघत राहिले त्याच्याकडं. त्याची मूठ हवेतच राहिली, मग त्यानं त्याच मुठीनं डोकं खाजवलं. खड्ड्यात बसवल्यावर पोरांनी ढिगातली माती पाट्या भरभरून आणून टाकली. उरलेली माती आता पार्किंगच्या फरशांखाली आहे. प्रेतयात्रा रस्त्यावरून जाताना हुमनाबादहून येणारी बस थांबली होती. तिला कुणी हात केला नव्हता.

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीच्या, उद्घाटनाच्या दिवसाचं, कारण ते कुठंच आलं नाही.

काँप्लेक्सच्या कपाळावर त्यांनी दोन फोटो लावलेत, दोन मजले उंच. डावीकडं ऑलिंपिकातला, तरुण, हात आभाळाकडं. उजवीकडं ग्रामसभेतला, म्हातारा, पोरांच्या खांद्यावर, हात आभाळाकडं. उजव्याखाली कन्नडात आणि मराठीत लिहिलंय की काँप्लेक्सचा निर्णय झाला त्या क्षणी पैलवानांचा आनंद. आम्ही विरोधात जिंकलो म्हणून काढलेला फोटो. आमच्याच पोराच्या फोनमधला. आम्हीच तो गावभर पाठवला होता.

त्या दिवशी अप्पा ढिगावर बसलेले, स्टेजवरून तीनदा बोलावणं आलं, ते गेले नाहीत. पान लावत होते. अण्णांनी फीत कापली. मग चॅनलची एक मुलगी ढिगापाशी आली. नवीन होती, तिला गोष्ट ठाऊक नव्हती, म्हणून तिनं अप्पांपुढं माईक धरला. इतक्या वर्षांनी कुणीतरी धरला. तिनं वर बघत विचारलं, अप्पा, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय कोणता, तो तरुणपणीचा की हा आत्ताचा?

अप्पांनी मान वर करून दोन्ही फोटो नीट बघितले. उन्हामुळं डोळ्यांवर हात धरावा लागला असता, पण हात त्यांनी वर नेला नाही, डोळे बारीक केले.

"बाई," ते म्हणाले, "दोन्ही फोटो मी हारायलो तवाचेच हायत."

मुलीनं माईक तसाच धरला, आणखी काही बोलतील म्हणून. अप्पांनी पानाला चुना लावायला घेतला. चॅनलनं रात्री दाखवलं ते हात वर केलेले दोन फोटो, आणि खाली ढिगावर बसलेला एक म्हातारा. आवाज काढून टाकला होता, वर गाणं लावलं होतं.